गव्याच्या जंगलातली बोटभर पाल

तुम्ही कधी दाजीपूरला गेला आहात का? कोल्हापूरपासून साधारण ८० किलोमीटरवर, सह्याद्रीच्या अगदी माथ्यावर हे ठिकाण आहे. गेला असाल, तर बहुतेक गवा बघायलाच गेला असाल. राधानगरी मागं पडली की रस्ता जंगलात शिरतो आणि गाडीतल्या सगळ्यांच्या माना खिडकीकडे वळतात.

"तो बघ गवा! तो बघ, झाडाखाली!"

"अरे, तो काळा दगड आहे!"

मग एकदम हशा पिकतो. नशीब चांगलं असेल तर खरंच गवा दिसतो. काळाभोर, गुडघ्यापर्यंत पांढरे पायमोजे घातल्यासारखा, पूर्ण वाढलेला नर असेल तर हजार किलोपर्यंत वजनाचा. असा प्राणी एकदा पाहिला की वर्षभर वर्गात सांगायला गोष्ट मिळते.

पण आज मी तुमची ओळख करून देणार आहे याच जंगलातल्या दुसऱ्या एका रहिवाशाशी. तो गव्यासारखा दुरून दिसत नाही. त्याला बघायला दुर्बीण लागत नाही, मचाण लागत नाही. तुम्ही गवा शोधत लांब नजर लावून उभे असता ना, तेव्हा तो कदाचित तुमच्या बुटापासून हातभर अंतरावर, पालापाचोळ्यात बसलेला असतो. शेपूट सोडून मोजलं तर त्याची लांबी चार सेंटिमीटरसुद्धा भरत नाही. म्हणजे तुमच्या करंगळीपेक्षा लहान!

हा रहिवासी म्हणजे एक पाल. तिचं शास्त्रीय नाव आहे निमास्पिस कोल्हापुरेन्सिस. नावातच कोल्हापूर आहे, बघा!

ईऽऽ! पाल?

थांबा, थांबा, पान उलटू नका! पाल म्हटलं की आपल्याकडे काय होतं ते मला ठाऊक आहे. कुणी खुर्चीवर चढतं, कुणी केरसुणी शोधतं. मनात संशय आला तर आपण म्हणतो, 'शंकेची पाल चुकचुकली.' पंचांगात तर अंगावर पाल कुठं पडली तर काय फळ मिळतं, याचं 'पल्लीपतन' नावाचं कोष्टकच असतं. पाल दुधात पडली तर दूध विषारी होतं, असंही घरोघरी सांगतात.

यातलं खरं किती? ऐका. भारतात एकही पाल विषारी नाही. तिला विषाचे दात नाहीत की विषाची पिशवी नाही. पाल पडलेलं दूध टाकून द्यायचं हे मात्र बरोबर, बरं का! कारण तिच्या अंगावर आणि विष्ठेत रोगजंतू असू शकतात. माशी पडलेला चहा आपण टाकतो, तसंच हे. त्यात पालीचा काही दुष्टपणा नाही. उलट घरातली पाल रात्रभर तुमच्या ट्यूबलाइटजवळ बसून किडे, पतंग, डास फस्त करते आणि पगार काहीच घेत नाही!

घरातली पाल आपल्या ओळखीची आहे, म्हणून तिच्याशीच तुलना करत दाजीपूरच्या पालीकडे जाऊ या.

रात्रपाळी आणि दिवसपाळी

घरातली पाल रात्री कामाला निघते. तिचे डोळे बघा. (लांबूनच बघा!) उजेडात तिच्या डोळ्यातली बाहुली मांजरासारखी उभी, बारीक चीर होते. अंधार झाला की तीच बाहुली मोठी होते आणि मिळेल तो सगळा उजेड आत घेते. रात्रपाळी करणाऱ्यांचे डोळे असेच असतात.

आपली कोल्हापुरी पाल मात्र दिवसपाळीवाली आहे. सूर्य उगवला की हिचा दिवस सुरू. म्हणून हिच्या डोळ्यातली बाहुली गोल असते, तुमच्या-माझ्यासारखी. दोघींनाही पापण्या मात्र नाहीत. डोळ्यावर चष्म्याच्या काचेसारखं एक पारदर्शक आवरण असतं. त्यावर धूळ बसली की पाल काय करते? जीभ बाहेर काढते आणि स्वतःचा डोळा चाटून साफ करते. आरशासमोर उभं राहून एकदा प्रयत्न करून बघा बरं, जमतंय का!

दुसरा फरक पायात आहे. घरातली पाल काचेवर, छतावर सहज चालते. तिच्या बोटांच्या तळाशी रुंद गाद्या असतात आणि त्या गाद्यांवर डोळ्यांना न दिसणारे लाखो सूक्ष्म केस असतात. हे केस पृष्ठभागाला इतके जवळून भिडतात, की दोघांच्या कणांमधल्या आकर्षणानंच पाय चिकटून राहतो. त्यात ना डिंक, ना पंप!

कोल्हापुरी पालीला या गाद्या नाहीत. तिची बोटं लांब, सडपातळ आणि टोकाला नखं असलेली. तिला काचेवर चढायचंच नाही ना! तिचं सगळं आयुष्य जमिनीवर, ओल्या पानांच्या थरात जातं. तिथं पळायला, पानाच्या कडेला धरायला, दगडाच्या खाचेत शिरायला नखंच कामाची. ज्याला जसं घर, त्याला तसे पाय.

पाठीवर इंद्रधनुष्य

आता या पालीची खरी गंमत सांगतो. लांबून बघितलं तर ती तपकिरी, मातकट, सुकलेल्या पानासारखी दिसते. पण तिच्या पाठीवरचे खवले अर्धपारदर्शक आणि चमकदार आहेत. त्यावर उजेड पडला की पाठीवर इंद्रधनुष्यासारखे रंग झळकतात! ती हलली की रंगही हलतात.

असा रंग तुम्ही पाहिलेला आहे. पावसाळ्यात रस्त्यावरच्या पाण्यात पेट्रोलचा थेंब पडला की कसे निळे, हिरवे, जांभळे पट्टे उमटतात? साबणाचा फुगा कसा चमकतो? त्या पाण्यात किंवा साबणात कुणी रंग मिसळलेला नसतो. अतिशय पातळ थरावर उजेड पडतो, त्यातला काही वरच्या पृष्ठभागावरून परततो, काही खालच्या. हे दोन उजेड एकमेकांत मिसळतात तेव्हा काही रंग ठळक होतात, काही पुसले जातात. तुम्ही मान हलवली की रंग बदलतो. सह्याद्रीतल्या खापरखवल्या नावाच्या सापाचं अंगही असंच चमकतं.

शास्त्रज्ञांनी या पालीचा अभ्यास केला, तेव्हा तिच्या निमास्पिस गटातल्या दुसऱ्या कुठल्याही पालीत अशी चमक नोंदलेली नव्हती. म्हणजे पालापाचोळ्यात राहून ही आपली एकटीच इंद्रधनुष्य मिरवत होती आणि जगाला पत्ताच नव्हता!

नाव मिळालं २००९ साली

हो, खरंच पत्ता नव्हता. या पालीला शास्त्रीय नाव मिळालं ते २००९ साली. तेव्हा मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत काम करणारे सरपटणाऱ्या प्राण्यांचे अभ्यासक वरद गिरी, अमेरिकेतले पालींचे तज्ज्ञ एरन बाऊर आणि त्यांचे सहकारी गायकवाड यांनी मिळून तिचं वर्णन प्रसिद्ध केलं. जिल्ह्यावरून नाव ठेवलं कोल्हापुरेन्सिस, म्हणजे कोल्हापूरची.

तुम्ही म्हणाल, एखादी पाल नवीन आहे हे ठरवायचं कसं? सगळ्याच पाली सारख्या दिसतात! अगदी बरोबर. म्हणून तर हे काम चिकाटीचं आहे. पालीचं डोकं, पाय, बोटं, शेपूट मिलिमीटरमध्ये मोजतात. सूक्ष्मदर्शकाखाली खवले मोजतात. पाठीवरचे खवले सगळे एकसारखे आहेत की मधेमधे मोठे दाणे आहेत, तेही बघतात. मग संग्रहालयांत जपून ठेवलेल्या जुन्या पाली काढून एकेकीशी ताडून पाहतात. हल्ली पेशींमधला डीएनएसुद्धा तपासतात.

कोल्हापुरी पालीच्या बाबतीत एक खूण फार कामाला आली. नर पालींच्या मांड्यांच्या आतल्या बाजूला बारीक छिद्रांची एक रांग असते. त्यातून मेणासारखा पदार्थ येतो. 'मी इथं राहतो' असा निरोप दुसऱ्या पालींना वासानं पोचवायला तो उपयोगी पडतो. काही जातींत ही रांग मधेच तुटते, काहींत छिद्रं चार-दोनच असतात. आपल्या पालीत ही रांग एका मांडीपासून दुसऱ्या मांडीपर्यंत सलग जाते आणि छिद्रं असतात २४ ते २८. करंगळीएवढ्या प्राण्याच्या मांडीवरची छिद्रं मोजायची! गणिताच्या तासाला कंटाळा येतो म्हणणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं.

डोंगर म्हणजे बेट

या निमास्पिस गटातली पश्चिम घाटातली पहिली ओळख फार जुनी आहे. १८४६ साली निलगिरीतल्या एका पालीचं वर्णन झालं. गोव्यातल्या पालीला १९७६ साली नाव मिळालं, तेही गोव्यावरूनच. पण खरी रांग लागली ती गेल्या वीस वर्षांत. २०१४ साली साताऱ्याजवळच्या कासच्या पठारावर एक नवी पाल सापडली. तिला नाव दिलं गेलं निमास्पिस गिरी, आपल्या वरद गिरींच्या सन्मानार्थ. म्हणजे ज्यांनी पालीला नाव दिलं, त्यांचं नाव पुढं एका पालीला मिळालं! २०१६ साली आंबोलीची पिवळ्या पोटाची पाल आली. २०१९ साली आंबा घाटाची आणि कोयनेची. २०२४ साली तर तमिळनाडूतल्या डोंगरात एक पाल सापडली, तिचे पिवळे-निळे रंग बघून संशोधकांनी तिला प्रसिद्ध चित्रकार व्हॅन गॉग यांचं नाव दिलं.

आंबा, आंबोली, कोयना, कास, दाजीपूर. नकाशावर बघा, ही ठिकाणं एकमेकांपासून फार लांब नाहीत. एसटीनं एका दिवसात जाऊन पोचता येईल. मग प्रत्येक डोंगराची पाल वेगळी कशी?

कारण एसटी तुमच्यासाठी आहे, पालीसाठी नाही. या इवल्या जिवाला सावली लागते, ओल लागते. दाजीपूरला एका पावसाळ्यात पडणारं सगळं पाणी साठवलं, तर ते तुमच्या उंचीच्या दुपटीहून वर जाईल. हे पाणी झाडं, मुळं आणि पाचोळा धरून ठेवतात. म्हणून उन्हाळ्यातही पानांच्या थराखाली गारवा राहतो. पण या जंगलातून बाहेर पडून दोन डोंगरांमधला उघडा, तापलेला पट्टा ओलांडायचा म्हटलं, तर बोटभर पालीसाठी ते वाळवंटच. म्हणून ज्या डोंगरावर ती आहे, तिथंच ती राहते. समुद्रातल्या बेटासारखी. असं लाखो वर्षं चाललं. एका डोंगरावरची पाल हळूहळू बदलत गेली, शेजारच्या डोंगरावरची वेगळ्या तऱ्हेनं बदलली. शेवटी दोघी इतक्या निराळ्या झाल्या की त्या दोन वेगळ्या जाती ठरल्या.

याचा एक अर्थ गमतीचा आहे आणि एक जरा काळजीचा. गमतीचा अर्थ असा, की सह्याद्रीच्या घडी घडीत अजून काय काय लपलं असेल कोण जाणे! आणि काळजीचा अर्थ असा, की ज्या प्राण्याचा सगळ्या जगातला पत्ता म्हणजे एवढेसे डोंगर, त्याला दुसरं घर नाही. कावळा इथून उडाला तर तिथं जाऊन बसतो. ही पाल कुठं जाणार?

गव्यानं सांभाळलेली पाल

आता मला जे सांगायचं आहे ते ऐका. आपण मघाशी गव्यापासून सुरुवात केली होती ना? त्याच्याकडे परत जाऊ.

कोल्हापूर संस्थानाच्या काळात दाजीपूरचं जंगल छत्रपती शाहू महाराजांचं राखीव शिकारीचं रान होतं. तिथं कुणीही उठून झाडं तोडावीत असं नव्हतं. पुढं १९५८ साली गव्यांसाठी तिथं अभयारण्य झालं. महाराष्ट्रातलं हे सगळ्यांत जुनं अभयारण्य. १९८५ साली ते वाढवून राधानगरी अभयारण्य झालं, ३५१ चौरस किलोमीटरचं. २०१२ साली युनेस्कोनं पश्चिम घाटातल्या ३९ ठिकाणांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यात राधानगरीही आलं.

आता तारखा पुन्हा बघा. अभयारण्य झालं १९५८ साली. पालीला नाव मिळालं २००९ साली. मधे किती वर्षं गेली? एक्कावन्न! एक्कावन्न वर्षं सरकार, वनरक्षक, गावकरी गव्यासाठी जंगल राखत होते. त्या जंगलात ही पाल आहे हे त्यांतल्या कुणालाही ठाऊक नव्हतं. तिच्यासाठी कुणी पाटी लावली नव्हती, कुणी कायदा केला नव्हता. तरीही ती वाचली. का? कारण गव्याला चरायला जे जंगल ठेवलं, त्याच जंगलाचा पाचोळा तिच्या डोक्यावरचं छप्पर होता. अंजनी, जांभूळ, हिरडा, ऐन या झाडांची पानं पडत राहिली, ओल टिकत राहिली, पानांखाली वाळवी, मुंग्या, कोळी, इवले किडे वाढत राहिले आणि त्यांच्या संगतीनं आपली पाल जगत राहिली. एका टनाच्या जनावराच्या सावलीत चार सेंटिमीटरचा जीव!

आणि म्हणूनच मनात एक प्रश्न येतो. जे डोंगर कुणी राखले नाहीत, त्यांचं काय? कुठं जंगल तुटलं, कुठं दर उन्हाळ्यात वणवा लागला, काही सड्यांवर बॉक्साइटच्या खाणी झाल्या. तिथं दाजीपूरसारखीच एखादी इंद्रधनुषी पाल होती का? असेल, तर तिला नाव मिळायच्या आधीच ती गेली. वाघ संपला तर निदान आपल्याला कळतं, आपण हळहळतो. पण जिचं नावच कुणाला माहीत नाही, ती संपली तर हळहळणार कोण?

वणवा विशेषतः वाईट. मोठ्या झाडाचं खोड भाजलं तरी पुढच्या पावसाळ्यात त्याला पालवी फुटते. हरीण पळून जातं, पक्षी उडून जातो. पण वणव्यात सगळ्यांत आधी जळतो तो पाचोळा. म्हणजे आपल्या पालीचं घर, तिचं स्वयंपाकघर आणि तिची अंडी, सगळं एकदमच. आणि वणवे लागतात कशानं? कधी विडी-सिगारेटच्या थोटकानं, कधी सहलीला आलेल्यांनी पेटवून तशीच सोडलेल्या चुलीनं, कधी रानात मुद्दाम लावलेली आग हाताबाहेर गेल्यानं. यातलं थोटूक आणि चूल तरी आपल्या हातात आहे की नाही?

मग आपण काय करायचं?

पुढच्या सहलीला जंगलात गेलात तर या चार गोष्टी करा.

पहिली, थोडा वेळ खाली बघा. पाच मिनिटं एका जागी शांत उभं राहा आणि समोरच्या हातभर पाचोळ्याकडे नुसतं बघत राहा. आधी काहीच दिसणार नाही. मग एक मुंगी दिसेल, एक कोळी दिसेल, एखादं पान हललं असं वाटेल. जंगल असंच हळूहळू दिसायला लागतं.

दुसरी, दगड उलथू नका, पाचोळ्यात हात घालू नका. या गटातल्या पाली साधारणपणे दगडांच्या कपारीत, खाचाखोचांत अंडी घालतात. शिवाय पानांखाली विंचू, साप असू शकतात, ते तुमच्या भल्याचंही नाही. आणि पाल दिसली तर पकडू नका. घाबरली की ती शेपूट टाकून पळते. शेपूट पुन्हा येते हे खरं, पण ती पुन्हा वाढवायला तिला फार शक्ती खर्च करावी लागते.

तिसरी, मोठ्यांपैकी कुणी जंगलात थोटूक टाकताना दिसलं, तर नम्रपणे पण ठामपणे सांगा, "काका, विझवून आपल्या पिशवीत ठेवता का?" मुलांनी सांगितलं की मोठी माणसं जास्त ऐकतात, बघा!

आणि चौथी गोष्ट तर आज रात्रीच करता येईल. घरातल्या ट्यूबलाइटजवळ पाल येते ना? एक वही घ्या. ती किती वाजता येते, किती किडे पकडते, दुसरी पाल आली तर तिला हाकलते का, चुकचुक कधी करते, ते आठवडाभर लिहा. खिडकीच्या काचेवर बाहेरच्या बाजूनं पाल बसली असेल तर फारच उत्तम! आतून तिच्या बोटांखालच्या गाद्या अगदी स्पष्ट दिसतात.

आई-बाबांनाही एक विनंती. मुलगी किंवा मुलगा वही घेऊन पालीखाली उभा दिसला, तर लगेच केरसुणी आणू नका. तुम्हीही पाच मिनिटं त्याच्याशेजारी उभे राहा. दाजीपूरच्या पाचोळ्यात एक्कावन्न वर्षं कुणाला न दिसलेलं इंद्रधनुष्य शेवटी अशाच कुणाला तरी दिसलं, जो वाकून खाली बघत होता.

आणि हो, दाजीपूरला गेलात तर गवा जरूर बघा. दिसला तर त्याला मनातल्या मनात एक नमस्कार करा. त्याच्या नावानं राखलेल्या जंगलात, त्याच्या खुराजवळच, आपली बोटभर कोल्हापुरी पाल ऊन खात बसलेली असेल.